गांडुळांचा कौल

मागच्या अंगणातली माती गांडुळांना पसंत पडली, तर उस्तादचा फायदा काही थोडाथोडका नव्हता. गॅरेजचा परवाना वाचणार होता. अंगण पुरुषभर खणून माती दूर नेऊन टाकायची आफत टळणार होती. शिवाय 'तुमच्या हाताखाली गवतसुद्धा टिकत नाही' हे बायकोचं जुनं वाक्य कायमचं बंद पडणार होतं. यातलं त्याला सगळ्यात जास्त काय हवं होतं, ते सांगायला नको.

अंगण वर्षानुवर्षं काळं ऑइल पीत आलं होतं. माती तपासणाऱ्या बाईंनी त्यावर बायोचार सुचवला, म्हणजे हवा कोंडून जाळलेल्या काटक्यांचा कोळसा. "त्याला बारीक बारीक भोकं असतात. तेलातलं विष त्यात अडकून बसतं. ओलावा मात्र ठेवा."

शेवटचं वाक्य सोडून उस्तादने सगळं ऐकलं. गॅरेजच्या फरशीवर ऑइल सांडलं की भुसा टाकतात आणि ओला भुसा तेल पीत नाही, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने कोळसा मातीत मिसळला आणि दव पडू नये म्हणून वर ताडपत्री ताणली.

"अहो, बाई ओलावा म्हणाल्या होत्या ना?" बायकोने विचारलं.

"बाईंना मातीतलं कळतं. तेलातलं मला कळतं."

"कळतं म्हणून तर एवढं सांडलंत."

परीक्षेच्या दिवशी बाई एक लाकडी पेटी घेऊन आल्या. अर्ध्या पेटीत त्यांची स्वच्छ माती, अर्ध्या पेटीत उस्तादची काळी, आणि मधल्या रेषेवर सोडलेली गांडुळं. "दोन दिवसांनी बघू. तुमच्या बाजूला कुणी फिरकलं नाही, तर अंगण खणायचं."

"बाई, यांना काय कळतंय मातीतलं?"

"तुमच्यापेक्षा जास्त. ती खातात."

पेटीला सावली हवी होती. थंड सावली होती ती बायकोच्या गुलाबाच्या वाफ्यात. पेटी तिथे ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादने हळूच माती उकरली. सगळीच्या सगळी बाईंकडे! "फितूर लेकाचे," तो पुटपुटला. आता गांडुळांची समजूत कशी काढणार? पण भाडेकरू आपल्या घरात येत नसेल, तर शेजारचं घर राहण्याजोगं ठेवू नये, एवढा व्यवहार त्याला कळत होता. त्याने बाईंच्या मातीत झाकणभर डिझेल टाकलं. मग खात्रीसाठी आणखी थोडं. नट बसला तरी वर अर्धा फेरा आवळायचा, ही त्याची जुनी खोड.

दुपारी तो एका गाडीखाली असताना बायको वाफ्याकडे आली. नवऱ्याची बाजू राखेसारखी भुरभुरीत बघून तिला गांडुळांची दया आली. "या रखरखाटात कोण येणार रे, बिचाऱ्यांनो? मीसुद्धा आले नसते. पण मला कुणी मधल्या रेषेवर सोडलं नव्हतं." तिने तांब्याभर पाणी त्या बाजूला शिंपडलं.

बाई आल्या तेव्हा गांडुळं एकजात काळ्या मातीत.

"बघा बाई! एकमताने!" उस्ताद नाचायचाच बाकी होता.

बाईंनी आपल्या मातीची चिमूट नाकाशी नेली. "माझी माती पेट्रोल पंपावर जाऊन आली का?"

उस्ताद आभाळाकडे बघू लागला. बायको म्हणाली, "गांडुळांनी टाकलं नसणार. त्यांच्याकडे गाडी नाही."

"आणि ही बाजू ओली कशी?"

"कोरडी होती, म्हणून मी पाणी घातलं."

"हेच मी सांगितलं होतं!" बाई उस्तादकडे वळल्या. "कोरडा कोळसा गांडुळांचाच ओलावा ओढतो, म्हणून ती पळतात. पाणी घातलं असतंत तर ती आपण होऊन आली असती. ही परीक्षा रद्द. पुन्हा घेऊ, आणि पेटी माझ्या टेबलावर राहील."

उस्तादने निमूटपणे ताडपत्री काढली आणि अंगणाला पाणी पाजलं. नव्या परीक्षेत गांडुळं दोन्ही बाजूंना सारखी पसरली.

"निम्मीच?" त्याचा चेहरा पडला.

"पास झालात! दोन्ही घरं सारखीच वाटली की कुणीही कुठेही राहतं."

तर हिशेब असा. परवाना उस्तादकडे राहिला, अहवाल बाईंना मिळाला आणि अंगण गांडुळांना. भुर्दंड पडला गुलाबाला. कारण पेटीच्या बुडाला फटी होत्या आणि डिझेल खाली वाफ्यात उतरलं होतं. गुलाबाला तोंड नाही, म्हणून त्याच्या वतीने वसुली बायको करते. उस्ताद रोज गॅरेज बंद केलं की वाफ्यात उकिडवा बसतो, कोळसा कालवतो, पाणी घालतो.

"आता बास का गं?"

"गांडूळ आलं का त्यात?"

"नाही दिसलं."

"मग चालू द्या."

परवा वाफ्यात पहिलं गांडूळ वर आलं. ते बायकोला आधी दिसलं. तिने ते अलगद उचललं आणि अंगणात नेऊन सोडलं. मुद्दल फिटलं होतं, व्याज राहिलं होतं.