पक्षी वगळून

बर्वे सर कावळ्याला सरीसृप म्हणतात. थट्टेने नव्हे, छातीठोकपणे. डमडमच्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, तीही समोरासमोर. त्यामुळे हे ज्ञान ऐकायला हक्काचं गिऱ्हाईक मी.

"वहिनी, शाळेत काय शिकलात? अंगावर खवले, थंड रक्त, कवचाची अंडी, की झाला सरीसृप. साफ चूक. दिसण्यावर जाऊ नका, वंश बघा." कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. मगर पालीपेक्षा पक्ष्यांच्या जवळची. म्हणून पक्षी वगळून सरीसृपांचा वर्ग केला तर तो खोटा, हा त्यांचा लाडका मुद्दा. "एका पूर्वजाची सगळी लेकरं घ्यायची. उडून गेलं म्हणून एखादं वगळलंत, तर उरलेल्यांना कुळ म्हणता येत नाही." बाजारात चिकनवाल्यालाही त्यांनी कोंबडीच्या पायावरचे खवले दाखवून हे बंगालीत समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, पाय हवेत की नकोत.

आणि या गृहस्थांची एकुलती एक मुलगी मुक्ता. तिने बापाला न विचारता हावड्याच्या बंगाली मुलाशी लग्न केलं आणि तिला घराचं दार बंद झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. त्यांची बायको शालूताई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं एकच मागणं होतं, मुक्ताला घरी आणा. सर म्हणाले, "तो विषय संपला." शालूताई तशाच गेल्या.

दहाव्याला गंगेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे भरपूर, पण एकही शिवेना. अशा वेळी गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करू, असं मोठ्याने कबूल करायचं असतं. काय कबूल करायचं ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मुक्ता वरच्या पायरीवर उभी होती, बापाच्या तोंडाकडे बघत.

"सर, बोला काहीतरी," गुरुजी म्हणाले.

"पक्ष्याला भूक कळते. वचन कळत नाही," सर म्हणाले.

जळ्ळं मेलं ते शास्त्र. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मुक्ता तिथूनच लाँचने हावड्याला परत गेली.

परवा दुपारी सरांनी माझी बेल वाजवली. "वहिनी, मुक्ताला फोन लावता? माझा ती उचलत नाही." मी स्पीकरवर लावून दिला. सरांचा आवाज मला शेजारी बसूनही धड ऐकू येईना. "मुक्ता, घरी ये. मी तुझ्या आईला कबूल केलंय. रोज गॅलरीत भात ठेवतो, कावळे आले की सांगतो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "बाबा, कावळ्यांना कशाला सांगता? आईने तुमच्याकडे मागितलं होतं, ती बोलत होती तेव्हा." आणि फोन ठेवला.

सरांनी फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "शालू हिला चोरून फोन करायची. मला कळायचं. तिला मोकळेपणी बोलता यावं म्हणून मी त्या वेळी बाजारात जायचो."

"एवढी माया होती, तर एक दिवस घरी थांबायचं होतं," मी बोललेच.

"हो," सर म्हणाले. ती पुन्हा फोन करेल म्हणून ते संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच बसून राहिले. तिने केला नाही.