लंकेचा कोळसा

"भाऊ, माल बंदरात अडकला," मुंबईहून मुकेशचा फोन आला, तेव्हा जगदेव पाण्याच्या फिल्टरमध्ये डोकं घालून वास घेत होता. वास चांगला नव्हता.

जगदेवचा शेलूबाजारला थंड पाण्याच्या जारचा धंदा. शिरपूरच्या उत्सवाला पाणी पुरवायचा शब्द तो देऊन बसला होता आणि फिल्टरमधला कार्बन ऐनवेळी संपत आला होता. इथला महाग पडतो म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदाच परदेशी माल मागवला, थेट श्रीलंकेहून. मुकेश मूळचा केनवडचा. आता मुंबईत लोकांचा माल कस्टममधून सोडवून देतो.

"काहून अडकला?"

"कागदावर नुसतं कार्बन लिवलं हाय. साहेब म्हनते, कोनता कार्बन? चुलीतला कोळसा असन त जकात येगळी, टायरातली काजळी असन त येगळी, पानी साफ कराचा असन त आनखी येगळी."

"सारं काळंच हाय ना बे! कायले वापराचं ते पाहून जकात? कायदा हाय का पोरखेळ?"

"ते साहेबाले इचारा. कंपनीनं नमुन्याची डबी धाडली होती ना, ते पाठवा लवकर."

जगदेवचा जीव भांड्यात पडला. डबी घरीच होती. फडताळात ती सापडलीही, पण रिकामी.

"माय, याच्यातलं काळं कुठी गेलं?"

कस्तुराबाई हसली. तिचे उरलेले दात लखलखत होते. "लंकेवरून आलं म्हनून तूच सांगतलं ना? म्हटलं, मारोतीरायानं जाळलेला कोळसा, वाया कायले घालाचा? खलबत्त्यात कुटला, मीठ-लवंग घातली. फस्क्लास राखुंडी झाली. गल्लीत बी वाटली."

"माय, तो मशिनीचा हाय!"

"मंग? दातं का मशीन नोय?"

जगदेव डबी घेऊन गल्लीत निघाला. पण दिलेली वस्तू आली तशी परत करणं त्या गल्लीत कोणाच्या रक्तात नव्हतं. रुपाबाईने आपली राखुंडी देताना वर तुरटीची पूड घातली. "तशीच कशी देऊ? बरं दिसते का?" बेबीताईने ओवा घातला. काळं दिसतंय ना, मग झालं, असं म्हणून जगदेवने डबी कुरियरने रवाना केली.

आठवड्याने मुकेशचा आवाज पडलेला होता. "भाऊ, तपासनीत दंतमंजन निंगालं. साहेब म्हनते, दंतमंजनाचा परवाना दाखवा."

सकाळीच जगदेवला शिरपूरहून निरोप आला होता की जमत नसेल तर दुसरा जारवाला मोहनसिंग पाणी द्यायला तयार आहे. शब्द गेला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती, आणि मोहनसिंगला तर ते त्याला मुळीच दाखवायचं नव्हतं.

मुकेशने हातापाया पडून साहेबांना थेट पोत्यांतला नमुना काढायला लावलं. तो पाण्याचाच कार्बन ठरला. माल सुटला आणि उत्सवाच्या आदल्या दिवशी ट्रक शेलूबाजारला पोचला. जगदेव तेव्हा पाइप आणायला मंगरुळपीरला गेला होता. पोती कस्तुराबाईने उतरवून घेतली.

तो परतला तर दारात बायकांची ही रांग. प्रत्येकीच्या हातात वाटी. कोठीच्या कुलुपाची किल्ली कमरेला खोचून कस्तुराबाई पाटावर बसली होती. शेजारी एक पोतं उघडं होतं.

"तुले कायले पाह्यजे?"

"दाताले," रुपाबाई म्हणाली.

"वाटीभर तीळ. तुले व?"

"भांडे घासाले."

"लंकेचा माल अन भांड्याले? दोन वाट्या तीळ."

"मले फ्रिजात ठेवाले," बेबीताई हळूच म्हणाली. "वास जाते म्हनतात."

"फ्रिज हाय तुयाकडं? मंग तुरीची दाळ."

जगदेवने बोलायला तोंड उघडलं. मग मुकेशला जकातीबद्दल आपण काय काय म्हणालो होतो ते त्याला आठवलं. तो रांगेत उभा राहिला. मोठ्या वेळाने त्याचा नंबर आला.

"अन तुले कायले?" कस्तुराबाईने वरही पाहिलं नाही.

"पान्याले, माय. शिरपूरच्या लोकाइले."

कस्तुराबाईने कमरेची किल्ली काढली. "पान्याले माफ," ती म्हणाली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

जगदेवने कोठी उघडली आणि पहिलं पोतं पाठीवर घेऊन तो दाराशी आला.

"थांब," कस्तुराबाई म्हणाली. तिने पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर काळं काढून पदराला बांधलं आणि त्याला जायची खूण केली.

"नमुना," ती रांगेकडे पाहत म्हणाली.