चार तारांचा इन्स्पेक्टर

दिगंबर सोनवणे कुणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी लाकूड वाजवून बघतो. दार, पाट, खुर्ची, कपाट, जे हाताला लागेल ते. मधलं बोट वाकवून दोनदा टकटक करायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. "सागवान आहे, पण ओला कापलाय." नाहीतर, "आंबा. रिजेक्ट." यजमान बिचारे पाण्याचा ग्लास हातात धरून उभेच राहतात.

त्याच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही चांदवडला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, सगळे गंभीर झाले आणि दिगंबर समोरच्या टीपॉयवर ओणवा होऊन पायापासून वरपर्यंत टकटक करत सुटला. "शिसवी! जुनं शिसवी! मास्तर, हात लाव, हात लाव!" तो मला म्हणाला. मुलीच्या वडिलांना वाटलं, वरपक्षाची ही मागणीच आहे. "आमच्या आजाच्या टायमाचा हे तो," ते जरा जड आवाजात म्हणाले, "पण पोरीच्या सुखापुढं काय नाय. घेऊन जा." दिगंबरनं दहा वेळा छे छे केलं. तरी लग्नात भांड्याकुंड्यांच्या टेम्पोतून तो टीपॉय आलाच, आणि पुतण्यानं शरमून तो काकाच्या घरी पोचवला.

हे वेड मुळात लाकडाचं नाही, चार तारांच्या बेस गिटारचं आहे.

दिगंबर नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होता. दिवसभर लोखंडाचे पीस मोजायचे आणि 'ओके' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. सुट्टीच्या दिवशी आमच्याच कॉलनीतल्या जाधवांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. आमची घरं सातपूर कॉलनीत शेजारी शेजारी, मधे एकच भिंत. मी महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून त्याच्या तोंडी मी मास्तर.

आधी त्याच्याकडे साधी, कुणाकडून तरी घेतलेली बेस होती. पण त्याचा मेहुणा बोटीवर नोकरीला, आणि तो दरवेळी परदेशातल्या बेस गिटारींचे कॅटलॉग आणायचा. त्या गुळगुळीत पानांनी घात केला. नव्वदीच्या मधल्या वर्षांत कॉलनीतले सगळे पाथर्डी फाट्याकडे प्लॉट बघत फिरत होते, तेव्हा दिगंबरनं प्लॉटऐवजी अमेरिकेतून एक बेस आणवली. तिच्या कंपनीचं नाव तो नव्या नवरीनं उखाणा घ्यावा तसा लाजत घेतो, त्यामुळे मीही ते इथे घेत नाही. मुंबईहून त्यानं तिला टॅक्सीत मागच्या सीटवर झोपवून आणलं. स्वतः पुढे बसला आणि कसारा घाट संपेपर्यंत मागे वळून बघत राहिला, असं ड्रायव्हरच आम्हाला सांगत होता.

आल्या आल्या तिचं इन्स्पेक्शन झालं. कारखान्यात दोन भागांमधली फट मोजायला पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात, त्या घेऊन त्यानं मानेवरच्या प्रत्येक पडद्यावर, म्हणजे आडव्या धातूच्या पट्टीवर, तार किती उंच आहे ते मोजलं. मग मला बोलावलं. "ही मान बघ. एका लाकडाची नाही, पाच पट्ट्या चिकटवल्यात. कितीही ओढ पडू दे, वाकायची नाही. आणि अंगाला स्क्रूनं जोडलेली पण नाही. हीच मान अंगातून पार खालपर्यंत गेलीय! आता पाठ बघ. माणसाच्या पोटाला टोचू नये म्हणून इथं हातानं घासलंय. हातानं, मास्तर! तिकडं कुणीतरी बसून माझ्या पोटाचा विचार केलाय!" त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. मग वजन बघायला तो तिला रद्दीवाल्याच्या काट्यावर घेऊन गेला. रद्दीवाल्यानं सवयीनं भाव सांगितला. त्यानंतर सहा महिने सोनवण्यांच्या घरातून त्याला एक पेपर मिळाला नाही.

नाशिकचा उन्हाळा कोरडा आणि श्रावण दमट, त्यामुळे लाकूड फुगतं आणि आकसतं. मान सरळ राहावी म्हणून दिगंबर वर्षातून चार वेळा तिच्या आतला स्क्रू पाव फेरा फिरवायचा. त्या दिवशी तो कामावर रजा टाकायचा आणि रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' लिहायचा.

आता अडचण सांगतो. बेस गिटार कुणाला ऐकू येत नाही. गायक ऐकू येतो, ढोलकी ऐकू येते, पण बेस त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी असतो म्हणे. कार्यक्रम संपला की दिगंबर लोकांना गाठायचा. "बेस कसा होता?" लोक म्हणायचे, "गाणी छान झाली." त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "ऐकू नको, जाणवू दे." माझ्या बायकोला मात्र जाणवायचं, कारण मधल्या भिंतीवर तिच्या पळ्या-झारे टांगलेले होते आणि ते थरथरायचे. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, भावजींनी पिठाची गिरणी घातली.

दर रविवारी सकाळी नऊला तो मला समोर बसवून वाजवायचा. मधेच विचारायचा, "कळलं?" मी म्हणायचो, "वा!" खरं सांगतो, मला लांबवर कुणाची तरी मोटर चालू आहे यापलीकडे कधी काही कळलं नाही. पण शेजारधर्म असतो. सुमनवहिनी, म्हणजे त्याची बायको, वारल्या त्यानंतर तर तो रविवारची हजेरी कडक घ्यायला लागला. नऊला पाच मिनिटं झाली की भिंतीवर टकटक. मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि बेसची ती पेटी.

पुढे चारपाच वर्षांनी जाधवांनी नवा कीबोर्ड घेतला. तो वाजवणारा डाव्या हातानं बेसही वाजवू शकायचा. जाधव सज्जन माणूस, त्यांना सांगायला जमेना. "दिगूभाऊ, वाईट वाटून घेऊ नका," ते एकदाचे म्हणाले, "पण आजकाल टेम्पोत जागाच होत नाही."

दिगंबर चिडला नाही. तो म्हणाला, "टेस्ट घ्या."

गणपतीतल्या कार्यक्रमात नऊ गाणी होती. काहींना बेस दिगंबर देणार, काहींना कीबोर्ड. कुठल्या गाण्याला कोण, ती यादी जाधवांच्या खिशात. बघून ओळखता येऊ नये म्हणून दिगंबर सगळ्याच गाण्यांना बोटं हलवत राहणार. बाहेरच्या एका माणसानं फरक ओळखून दाखवला तर दिगंबर ऑर्केस्ट्रात राहील, नाहीतर कीबोर्ड. आणि तो बाहेरचा माणूस म्हणून दिगंबरनं माझं नाव दिलं.

मला घाम फुटला. त्यानं कारखान्याच्या पद्धतीचा रिपोर्टही बनवून दिला होता. अनुक्रमांक, गाणं, दिगंबर की कीबोर्ड, शेरा, तपासणाऱ्याची सही.

संध्याकाळी मंडपात मी पहिल्या रांगेत रिपोर्ट मांडीवर घेऊन बसलो. पहिलं गाणं झालं, मला काही कळलं नाही. दुसऱ्याला मी बायकोला विचारलं, "तुला ऐकू येतोय का बेस? तो खालचा घुमणारा आवाज?"

"तो जनरेटर आहे," ती म्हणाली.

मी दिगंबरच्या तोंडाकडे बघितलं, काही सुगावा लागतो का म्हणून. पण तो पक्का प्रामाणिक. डोळे मिटलेले, बोटं चालू, चेहरा नऊही गाण्यांना सारखा. शेवटी मी मनाशी म्हटलं, मित्र म्हणून आपण एवढंच करू शकतो, आणि नऊच्या नऊ गाण्यांपुढे 'दिगंबर' लिहून खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी रविवार. नऊ वाजता मी गेलो तेव्हा जाधवांची यादी आणि माझा रिपोर्ट टीपॉयवर शेजारी शेजारी पडले होते. दिगंबरनं चष्मा लावला.

"नऊपैकी नऊ?"

"हो," मी म्हणालो.

"मी चार वाजवली. मास्तर, बावीस वर्षं मी इन्स्पेक्शनला आहे. जो सगळेच पीस ओके करतो ना, त्यानं एकही पीस बघितलेला नसतो."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "दिगंबर," मी म्हणालो, "मला तुझा बेस कळत नाही. काल नाही, कधीच कळला नाही. पहिल्या दिवसापासून मी नुसतं वा म्हणतो. माझ्यामुळे तुझा ऑर्केस्ट्रा गेला." आणि मला फार लाज वाटली.

तो फडक्यानं बेसची एकेक तार पुसत होता. "माहितीये मला."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून. मी नुसत्या तारा जुळवत होतो, तेव्हा तू वा म्हणालास."

"मग माझं नाव कशाला दिलंस?"

"दुसरं कुणाचं देणार?"

तो बराच वेळ तिसरीच तार पुसत राहिला. मग म्हणाला, "सुमनलाही कळायचं नाही. इथं बसून मेथी निवडायची. एकदा म्हटलं, कंटाळा येत असेल तर आत जा. तर म्हणाली, जाऊ कुठं, तुम्ही इथं आहात ना. ती गेली तेव्हा महिनाभर मी पेटी उघडली नव्हती. तू येऊन बसलास, म्हणून उघडली." त्यानं चष्मा काढला. "ऑर्केस्ट्रा गेला तर जाऊ दे, मास्तर. मला काल रात्रभर वाटत होतं, आता तू पण यायचा नाहीस. नाही कळलं तर नाही. पण येत जा."

मी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"वाजव," मी म्हणालो, "मला आज कुठं जायचं नाही."