भामाबाईंचा श्लोक

पहिलीचा वर्ग फारच दंगा करू लागला की भामाबाई घरच्या मराठीत रागवायच्या. तंजावूरच्या त्या सरकारी शाळेत मराठी दुसऱ्या कुणाला कळत नव्हती. त्यामुळे रागही निघायचा आणि तक्रारही यायची नाही.

"उगे बैसा, माकडांनो. डोळे मिटा. माझें डोकें खाऊं नका."

मुलं बाईंच्या मागून सगळंच म्हणायची, तसं हेही म्हणू लागली. हात जोडून, डोळे मिटून, सुरात. वर्ग शांत होतोय म्हटल्यावर बाईंनी चालू दिलं.

मुलांनी ते घरी नेलं. एका आजोबांना तो संस्कृत श्लोकच वाटला आणि इतका आवडला की सगळ्या वर्गांना शिकवा, असा त्यांनी अर्ज दिला. चहावाल्या मणीने उलटा अर्ज दिला : सरकारी शाळेत देवधर्म कशाला? शाळेच्या फाटकापाशी दोघांची रोज जुंपू लागली. शेवटी चौकशीला अधिकारी येणार असं कळलं.

हेडमिस्ट्रेस कविताअम्मांनी बजावलं, प्रार्थना ठरली तर बदली नक्की. भामाबाई पेचात पडल्या. श्लोक म्हणावा तर धर्म शिकवला, खरं सांगावं तर मुलांना माकडं म्हटलं. आणि बदली झाली तर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना बघायचं कुणी?

अधिकारी आले. मुलांनी खणखणीत म्हणून दाखवलं. साहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं. त्यांची मान खाली गेली, खांदे हलू लागले. साहेब गहिवरले असं वाटून कविताअम्मा कॉफी आणायला धावल्या.

साहेबांनी डोळे पुसले आणि हळूच मराठीत विचारलं, "हें बोलणें आईचें कीं सासूचें?"

भामाबाईंच्या हातून खडू पडला. "आईचें."

"आमच्या घरीं पुढें धपाटाही होता. तो शिकवला नाहींत, बरें केलें."

साहेबांचं नाव वरुणराव. त्यांनी तिथेच शेरा लिहिला : 'धार्मिक मजकूर नाही. शांत बसण्याची सूचना आहे.' भामाबाई खुर्चीत बसल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना नीट श्वास घेता आला.

तेवढ्यात वर्गात पुन्हा दंगा सुरू झाला. वरुणराव सवयीने गरजले, "उगे बैसा, माकडांनो."

सगळ्या वर्गाने हात जोडले. कॉफी घेऊन दारात आलेल्या कविताअम्मांनी साहेबांच्या तोंडचा श्लोक ऐकला, पेला टेबलावर ठेवला आणि भक्तिभावाने डोळे मिटले.