एका सीटची गाडी

आमच्या लॉन्सवर लग्न उरकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी थावरूभाऊ चपला काढून अख्खं मैदान अनवाणी फिरायचे. पायाला काही टोचलं की वाकायचं, उचलायचं आणि खिशात टाकायचं. खडे, टाचण्या, करवंट्यांचे तुकडे. एकदा तर वरबापाची कवळी सापडली. गवत कापायचं मशीन त्यांच्या ताब्यात होतं. पात्यात दगड आला तर "गोळीवानी सुटते, सायेब," हे ते मला रोज बजावायचे. कनेरगाव नाक्याजवळच्या या लॉन्सचा मी मॅनेजर, पण मशीन चालू असलं की मलाही पन्नास पावलं लांब उभं करायचे. राहायचो उभा, करणार काय!

मशीन बसून चालवायचं होतं, सीट एकच. त्याला स्टेअरिंगच नव्हतं, नुसते दोन दांडे. डावा मागं ओढला की गाडी जागच्या जागी डावीकडं गर्रकन वळायची. कंपनीचा माणूस शिकवायला आला तेव्हा आम्ही सगळे गांगरलो. थावरूभाऊ तांड्यावरचे, अर्धं आयुष्य बैलगाडीवर गेलेलं. "हे तं कासरेच हायेत," म्हणाले आणि बसले. काय सुरेख चालवली! फक्त थांबायच्या वेळी सवयीनं दोन्ही दांडे खसकन मागं ओढले आणि वर "हो, हो" केलं. मशीन कसलं थांबतंय? उलटं पळत सुटलं आणि उन्हात ठेवलेल्या नवरदेवाच्या खुर्चीचा चुराडा केला. भाऊ घाबरून सीटवरून उठले, तेव्हा कुठं इंजिन आपोआप बंद पडलं.

"बैल वढला की थांबते. हे वढलं की रागावते," असं त्यांचं त्यावर मत.

तेव्हापासून त्यांचे नियम पक्के झाले. उतारावर न्हाई, वल्ल्या गवतात न्हाई, अन् दुसरी सवारी तं मुळीच न्हाई. मालकाचे जावई हौसेनं आले होते, त्यांनाही हात जोडून परत पाठवलं. जावयाला, बरं का!

याच नियमापायी घरात मात्र चार वर्षं कुरबुर चालू होती. त्यांच्या बायको सोनाबाई आमच्याकडंच झाडलोट करतात. त्यांना मशीनवर एक चक्कर हवी होती, आणि भाऊ काही ऐकत नव्हते. अशात मालकांनी मैदानावर प्लास्टिकचं गवत अंथरायचं ठरवलं. मशीन विकलं. सोमवारी टेम्पो येणार होता.

रविवारी सोनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आणि मशीनपाशी उभ्या राहिल्या. मला राहवेना. मी भाऊंना म्हटलं, मालक गावाला गेलेत, जरा सरकून बसवा शेजारी आणि मारा एक चक्कर, कोण बघतंय?

भाऊ रागावले नाहीत. "मशीनला तरी कुठं दिसते सायेब, कोन बसलंय ते? पोरगं पुन्याला हाय. घरात आमी दोघंच. हिला काई झालं तं म्या कोनाकडं पाहू?"

एवढं बोलून त्यांनी चावी खिशात टाकली. मागच्या दोन कड्या ओढून चाकं मोकळी केली, सोनाबाईंना सीटवर बसवलं, स्वतःच्या हातानं पट्टा आवळला आणि मागं जाऊन मशीन ढकलायला लागले. भरल्या गाडीएवढं वजन ते! मीही खांदा लावला. सोनाबाई दोन्ही दांडे धरून ताठ बसल्या होत्या आणि लाजून हसत होत्या.

निम्म्या वाटेत भाऊंना धाप लागली. सोनाबाईंनी मागं न बघताच विचारलं, "दमले का तुमी?"

"न्हाई," भाऊ म्हणाले. "नीट बस. मोठा फेरा मारू."