ओन्नोच्या रेडिओचे कान

“तोंडाची वाफ कशाला दवडता? आज आकडेच बोलतील!” टामो म्हणाला आणि काळ्या कोटाचं बटण लावून टेबलाशी उभा राहिला. ओन्नोला शेवटचा निरोप देताना घातलेलाच कोट होता तो.

ओन्नो गेल्यापासून समुद्राच्या बांधामागच्या त्या रेडिओ क्लबात एकच वाद पेटला होता. त्याच्या घरचा, त्यानं हातानं बनवलेला रिसीव्हर क्लबच्या टेबलावर ठेवायचा, की भंगारात घालून नवा विकतचा आणायचा? अध्यक्ष हाब्बो नव्याच्या बाजूचा. टामोनं मात्र शेवटच्या आजारात मित्राला शब्द दिला होता, “तुझा डबा क्लबच्या टेबलावर मांडीन.” अखेर परीक्षा ठरली. ज्या रिसीव्हरला जास्त बारीक आवाज ऐकू येईल, त्याचं टेबल.

चहाचा तिसरा कप होईपर्यंत कामाला हात लावायचा नाही, हा समुद्राकाठच्या पूर्व फ्रिसलंडचा धर्मच. ओन्नोच्या बायकोनं, गेशेनं, ‘आता पुरे’ अशी खूण म्हणून रिकाम्या कपात चमचा ठेवला तेव्हा कुठे टामोनं सिग्नलचं यंत्र सुरू केलं. यंत्रातली शिट्टी वायरीतून रिसीव्हरात जाते. ती कमी कमी करत न्यायची.

नवा रिसीव्हर लवकरच गप्प झाला. ओन्नोचा काही केल्या होईना! बटण तळाला टेकलं, तरी डबा आपला ऐकतोच आहे! सगळे चर्चमध्ये उभं राहावं तसे हात बांधून उभे राहिले.

“असा तिखट कान जन्मात पाहिला नाही,” हाब्बो डोळे पुसत म्हणाला. “चुकलो रे बाबा!”

गेशेला राहवेना. डब्यावरून हात फिरवायला ती पुढे झाली आणि बाहीत अडकून वायर निसटली. शिट्टी चालूच!

“वहिनी, वायर जागेवर आहे ना?” टामोनं विचारलं.

“ही काय, माझ्या हातात.”

“टामो,” हाब्बो हळूच म्हणाला, “डब्याचं झाकण कुठंय?”

ओन्नोची कारागिरी सगळ्यांना दिसावी म्हणून टामोनंच ते काढून ठेवलं होतं! शेजारच्या यंत्राची शिट्टी उघड्या डब्यात हवेतूनच शिरत होती. झाकण लावून पुन्हा मोजलं. डबा ठार बहिरा!

टामो मटकन खाली बसला. मित्राला दिलेला शब्द गेला.

“मग मी जेवायला हाक मारली की हे म्हणायचे, ‘थांब, रेडिओवर पार चिली देश लागलाय!’ ते काय?” गेशेनं विचारलं.

“चिली? वहिनी, याला फार तर चार गल्ल्यांपलीकडचं ऐकू येईल,” हाब्बो म्हणाला.

ओन्नोच्या घरापासून चार गल्ल्यांपलीकडे रेडिओवाला एकच राहत होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“रोज रेडिओवर गप्पा व्हायच्या आमच्या,” टामो जमिनीकडे बघत म्हणाला. “आता फार सुनं वाटतं हो.”

गेशेनं डबा उचलून छातीशी धरला.

“हा घरी येतोय. आणि चिलीभावजी, उद्या जेवायला या. पण एका हाकेत!”