पारकरभाईंच्या विटा

आमचे पारकरभाई कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टकटक करतात, मग यजमानांना सलाम. भिंत पोकळ वाजली तर चहासुद्धा अर्धाच पितात.

मूळचे रत्नागिरीचे. माझ्याच ऑफिसात आर्किटेक्ट, आणि सनाबिसला माझ्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. बहारीनमध्ये बांधकाम सगळं सिमेंटच्या ब्लॉकचं. पण भाईंचा जीव अडकलाय इंग्लंडातल्या एका जुन्या, लाल विटांच्या फार्महाऊसमध्ये. जेवताना ताटात खजूर मांडून दाखवतात. "हा थर लांब विटांचा. त्यावरच्या थरात फक्त विटांची टोकं. पुन्हा लांब. म्हणजे भिंत एकमेकांचे हात धरून उभी राहते." मग अख्खी भिंत खाऊन टाकतात.

"आणि मधोमध थोरली चिमणी," हात पुसत म्हणतात. "अहो, आधी चिमणी उभी करायची, मग तिला घर नेसवायचं."

मागच्या वर्षी रिफातल्या एका व्हिलाच्या नकाशात त्यांनी तशीच चिमणी काढली. मालक बहारीनी, हसरा माणूस. म्हणाला, "इथे शेकोटी कशाला? थंडी मफी, नाहीच मुळी."

"धूर नसला तरी चालेल," भाई म्हणाले, "पण चिमणी राहू द्या."

बरीच घासाघीस झाली. शेवटी अंगणातल्या कबुतरखान्याला विटांची चिमणी मिळाली. भाई खूश, कबुतरं त्याहून खूश.

हे सगळं पुस्तकांतून आलं असेल, असं मला वाटायचं. परवा शुक्रवारी सकाळी आंबोळ्या द्यायला वर गेलो. दार उघडंच होतं. भाई फोनवर व्हिडिओ कॉलवर होते. पडद्यावर लाल भिंत आणि तिच्यावरून फिरणारं एक इवलंसं बोट.

"नाना, धिस वन इज ब्रोकन."

"कुठली गं? जिन्याजवळची?"

"नो, नाना. चिमनीजवळची."

कॉल संपल्यावर भाई माझ्याकडे वळले. "नात आहे. लेक-जावई त्याच घरात भाड्यानं राहतात. पोरगी माझ्याशी बोलायला लाजायची हो. कशी आहेस विचारलं की पळून जायची. एकदा म्हटलं, तुमची भिंत दाखव. तेव्हापासून फोन सोडत नाही."

त्यांनी आंबोळीचा तुकडा मोडला.

"विटा आता संपत आल्यात," म्हणाले. "पुढच्या शुक्रवारपासून कौलांचा विषय काढतो."